काशीला न जाता सोडलेला गहू

रविवारी सकाळी पुरण शिजत आलं होतं, आणि अंबुबाईंनी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून जाहीर केलं की पुरुषोत्तमानं काशीला गहू सोडला आहे.

नीलाचे दोन्ही हात कणकेत होते. तिनं मान वर करून नणंदेकडं पाहिलं. "कधी?"

"गेल्या वर्षी. पण ठरलं आत्ता." अंबुबाई आत आल्या आणि त्यांनी सवयीनं कणकेत बोट खुपसून पाहिलं. "ताटात पोळी का नाही, असं व्याही विचारणारच. मग काय सांगायचं? शिंका येतात म्हणून? मुलीचे आईबाप पुण्याहून रात्रभर रेल्वेत बसून आलेत, ते काय सासऱ्याचं दुखणं ऐकायला?"

"अहो अक्का, पण हे काशीला कधी गेलेच नाहीत."

"मी गेलेय ना. घरातलं एक माणूस गेलं की पुरे. तपशील मी पुरवते."

काशीला गेलेल्या माणसानं आपल्या आवडीचा एक पदार्थ तिथं सोडायचा आणि मग जन्मात त्याला तोंड लावायचं नाही, अशी रीत. अंबुबाई यात्रा कंपनीबरोबर जाऊन आल्या तेव्हा कारलं सोडून आल्या. कारल्याला त्यांनी त्याआधी तरी कधी हात लावला होता? पण हे बोलून दाखवायची या घरात कुणाची छाती नव्हती. उलट नीलाच्या मुलानं, शंतनूनं, तेव्हा आत्याच्या पाया पडून घेतलं होतं आणि मग बाहेर जाऊन तो पोट धरून हसला होता.

आता पुरुषोत्तमाच्या शिंकांबद्दल सांगायचं तर त्या काही साध्यासुध्या नव्हत्या. थंडी सरत आली, बंगलोरात मल्लेश्वरमची झाडं फुलायला लागली आणि रिकाम्या प्लॉटांवर काँग्रेस गवत माजलं, की याचं नाक सुरू. एक शिंक म्हणून यायची नाही, तांडाच यायचा. आणि धंदा कसला, तर शिवाजीनगरात घड्याळं दुरुस्त करायचा. डोळ्याला भिंग लावून, श्वास रोखून, एवढासा स्क्रू चिमट्यात धरावा आणि नेमकी तेव्हा शिंक यावी. मग स्क्रू कुठं आणि आपण कुठं. गिऱ्हाइकं बिचारी आपणहून खाली बसून फरशीवर लोहचुंबक फिरवायची. शेजारचा टेलर रोज शटर वर करताना विचारायचा, "अण्णा, इवत्तु हेगिदे मूगु?" आज नाक कसं आहे, असं ज्याला अख्खा बाजार विचारतो, त्या माणसाच्या हाती लोक किमती घड्याळ कशाला देतील? दर वर्षी त्या दिवसांत दुकान नावापुरतं उघडं असायचं.

डॉक्टर बसवंतांच्या गोळ्यांनी शिंका थांबायच्या, पण माणूस काउंटरवरच पेंगायचा. शेवटी गेल्या गणपतीत डॉक्टर म्हणाले, "अण्णा, एक करा. गहू बंद करून बघा. पोळी, ब्रेड, रवा, मैदा, बिस्किटं, सगळंच. शिंका फुलांच्या धुळीनंच येतात, ते खरं. पण गहू पोटात नसला की काहींचं नाक शांत राहतं म्हणतात. तुमचं होईलच असं नाही. स्वल्प दिवस बघू."

गहू बंद झाला. मग झाडं फुलली, गवत माजलं, टेलरनं नेहमीप्रमाणे चौकशी केली, आणि पुरुषोत्तम स्वतःच चकित होऊन म्हणाला, "चन्नागिदे." झकास आहे. अख्ख्या मोसमात शिंका आल्या त्या कुणालाही याव्यात इतपतच. शंतनूनं ऑफिसातल्या इंटरनेटवरून कागदांची चळत छापून आणली आणि जेवताना वाचून दाखवली. गव्हात ग्लूटेन म्हणून चिकट पदार्थ असतो, त्यानं पोळी मऊ होते, आणि तोच काही माणसांना सोसत नाही. अंबुबाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "आपल्या तीन पिढ्यांना सोसला तो?"

पण शिंका थांबल्या होत्या हे त्यांनाही नाकारता येईना. तेव्हा त्यांनी डाव बदलला. गव्हात दोष नाही, मग दोष कुठं असणार? "नीलाचं मळणंच कच्चं असेल," असं त्या एकदा म्हणाल्या, दोनदा म्हणाल्या, आणि मग देवळात, भाजीवालीकडं, जिथं तिथं म्हणायला लागल्या.

हे मात्र नीलाच्या जिव्हारी लागलं. ती धारवाडकडची. लग्न होऊन आली तेव्हा तिला येत होती ती ज्वारीची भाकरी, हातावर थापलेली, पापुद्रा सुटलेली, माहेरी जिची सगळे वाट बघायचे. इथं पहिल्याच दिवशी सासूबाईंनी भाकरी बोटानं उचलून परत ताटात ठेवली, आणि नवरा गेल्यावर माहेरी येऊन राहिलेल्या अंबुबाई म्हणाल्या, "वहिनी, आमच्यात पोळी लागते हं." बंगलोरात तीन पिढ्या काढल्या, मुलं आपसात कानडीत भांडतात, पण पोळी आहे तोवर आपण मराठी, असा त्यांचा हिशेब. मूळ गाव म्हणून ज्या वाईचं नाव घेतात तिथले लोक भाकरी खात नाहीत की काय, हे नीलाला कधीपासून विचारायचं होतं. विचारलं नाही. रडत, हात भाजून घेत पोळी शिकली. त्यानंतर रोजच्या पोळ्या, सणाच्या पोळ्या, पाहुण्यांच्या पोळ्या, सगळ्या तिच्याच हातच्या. आणि अंबुबाई येईल त्याला सांगायच्या, "आमच्या नीलाला पोळ्या लाटायची फार आवड."

आता तर दुहेरी काम होऊन बसलं होतं. नवऱ्याला भाकरी, बाकीच्यांना पोळी. तिचं उजवं मनगट सुजायला लागलं. बसवंतांनी पट्टा दिला आणि लाटणं कमी करा म्हणाले. म्हणजे ज्या पोळ्या तिनं कधी मागितल्या नव्हत्या, त्या लाटून हात गेला, आणि वर नवऱ्याच्या शिंकांचं खापरही तिच्याच माथी. तिनं मनाशी ठरवलं होतं की शंतनूच्या लग्नाची बोलणी पक्की व्हायच्या आत अक्कांना स्पष्ट सांगायचं, माझ्यानं यापुढं पोळ्या होणार नाहीत. घरात भात होईल, भाकरी होईल, ज्याला पोळी हवी त्यानं लाटावी. नाहीतर सून आली की तीही याच पोळपाटाला जुंपली जाणार.

"अक्का," ती आत्ता म्हणाली, "मला तुमच्याशी स्वल्प बोलायचं होतं."

"बोल की. पण आधी पोळ्या उरकून घे. व्याह्यांसमोर तव्याचा धूर नको." आणि अंबुबाई पुरुषोत्तमाला पढवायला बाहेर गेल्या.

बाहेर शंतनू खुर्च्या लावत होता. त्याला हे सगळं ऐकवलं तेव्हा त्यानं हातातली खुर्ची खाली ठेवली. "आत्या, हे कशासाठी? सरळ सांगू ना, अण्णांना गहू सोसत नाही. मुग्धाला तर सगळं माहीत आहे."

"मुग्धाला असेल. तिच्या आईला नाही. त्या बाईच्या मनात उद्या येईल, बापाला सोसत नाही, मुलाला नाही सोसणार, नातवंडांना नाही सोसणार. दुखणं आहे घराण्यात, म्हणतील. काशीत सोडलं म्हटलं की तोच गहू पुण्याईचा होतो. कळलं?"

शंतनूला कळलं नसतं तर बरं होतं. तो क्षणभर विचारात पडला, आणि मुग्धेच्या आईचा फोनवरचा आवाज आठवून आत्याच्या बाजूला सरकला. "तसं म्हणायला खोटं कुठं आहे? गहू तर सोडलाच आहे ना."

"अरे, तू पण?" पुरुषोत्तम म्हणाला. बिचारा आरामखुर्चीत बसून नव्या धोतराशी झगडत होता. "अक्का, मला ते घाटबीट काही ठाऊक नाहीत. मी गडबडेन."

"तू बोलूच नकोस. हसून मान डोलव. मोठी माणसं तसंच करतात."

"आणि नीला?"

"नीलाला काय करायचंय? ती वाढेल."

आत नीलानं हे ऐकलं आणि पोळी जरा जोरात आपटून तव्यावर टाकली. ती पोळी फाटली. गेल्या कित्येक वर्षांत फाटलेली ती पहिलीच असेल. तिनं ती गुपचूप स्वतः खाऊन टाकली.

व्याही आले ते शिंकतच आले. दामोदरपंत पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, उंच, शिडशिडीत, आणि कुठल्याही विषयात दुसऱ्यापेक्षा चार गोष्टी जास्त माहीत असलेले. "बंगलोरची हवा छान म्हणतात," ते रुमालात म्हणाले, "पण स्टेशनवर उतरल्यापासून माझं नाक—" आणि पुढचं वाक्य तीन शिंकांत वाहून गेलं. सुचेताबाई त्यांच्यामागून आल्या, गोऱ्या, गोल, हसऱ्या, आणि आल्या आल्या घर असं बघून घेतलं की कुठल्या कोपऱ्यात जळमट आहे ते त्यांना पाठ झालं असावं. मुग्धा पंजाबी ड्रेसवर ओढणी सांभाळत शेवटी आली आणि नीलाच्या हातातलं पाण्याचं तांब्याभांडं तिनं न सांगता घेतलं.

शिंकणारा माणूस बघून पुरुषोत्तमाचे डोळे असे चमकले, जणू हरवलेला भाऊ भेटला. इतकी वर्षं त्याच्याकडं अख्ख्या बाजारानं कीव येऊन बघितलं होतं. आता स्वतःला उपाय सापडला म्हणजे तो दुसऱ्याला सांगायची केवढी घाई असते ते ज्याचं त्यालाच कळतं. तो पुढं झुकला आणि तोंड उघडणार तोच अंबुबाईंनी सरबताचा पेला त्याच्या हातात दिला.

पानं मांडली. नीला वाढायला वाकणार तोच सुचेताबाई म्हणाल्या, "छे छे, विहीणबाई, तुम्ही पण बसायचं. आम्हाला परकं समजू नका. मुग्धा वाढेल." अंबुबाईंच्या चेहऱ्यावरून एक ढग गेला, पण पाहुण्यांपुढं काय बोलणार? नीला नवऱ्याशेजारच्या पाटावर बसली. पाहुण्यांच्या पंगतीला बसायची तिला सवय नव्हती, त्यामुळं पदर कुठं घ्यावा तेही तिला उमगेना.

सगळ्यांच्या पानात तुपानं माखलेली पुरणपोळी आली. पुरुषोत्तमाच्या पानात ज्वारीची भाकरी, आणि वाटीत नुसतं पुरण. सुचेताबाईंची नजर तिथं गेली आणि तिथंच राहिली.

"हे हो काय? तुम्हाला पोळी नको?"

"पुरूनं काशीला गहू सोडलाय," अंबुबाई म्हणाल्या. इतक्या सहज, की नीलाला वाटलं, हे खरंच घडलं असावं आणि आपणच विसरलो असू.

"अरे वा," दामोदरपंतांनी घास खाली ठेवला. "गहू? आमच्याकडं लोक तोंडलं सोडतात, पडवळ सोडतात. आम्ही दोनदा जाऊन आलो. मी एकदा सीताफळ सोडलं, एकदा फणस. पण रोजचं धान्य सोडणारा माणूस मी प्रथमच बघतोय. हे खरं सोडणं. कुठल्या घाटावर संकल्प केलात?"

पुरुषोत्तमानं हसून मान डोलवली.

"दशाश्वमेध," अंबुबाई म्हणाल्या.

"मग नावेतून गेलात की पायऱ्यांवरून?"

पुरुषोत्तमानं पुन्हा मान डोलवली. नावेतून असावं की पायऱ्यांवरून, ते मात्र मानेवरून काही समजेना.

"नावेतून," शंतनू म्हणाला, आणि त्याच वेळी अंबुबाई म्हणाल्या, "पायऱ्यांवरून."

"जाताना नाव, येताना पायऱ्या," मुग्धा आमटी वाढता वाढता शांतपणे म्हणाली. नीलानं तिच्याकडं चमकून पाहिलं. मुलगी खाली मान घालून पळीनं कट नीट हलवत होती. ही मुलगी या घरात टिकणार, असं नीलाच्या मनात आलं आणि तिला एकदम बरं वाटलं.

दामोदरपंत आणखी काही विचारणार होते, पण त्यांना शिंकांनी गाठलं. एकामागून एक, थांबायचं नाव नाही. पोळीचा तुकडा तसाच हातात. पुरुषोत्तमानं ते बघितलं आणि मग बहिणीनं पढवलेलं सगळं विसरून तो म्हणाला, "पंत, ती पोळी खाऊ नका."

सगळे त्याच्याकडं बघायला लागले.

"म्हणजे... माझंही असंच व्हायचं. दर वर्षी, याच दिवसांत. दुकान बंद ठेवायची वेळ यायची. गहू सोडला आणि शिंका थांबल्या. अगदी थांबल्या हो. सगळ्यांना लागू पडेल असं नाही, पण मला पडलं."

अंबुबाई पांढऱ्या पडल्या. सुचेताबाईंचा हात पोळीवरच थांबला. नीलाला वाटलं, आता बाई म्हणणार, घराण्यात दुखणं आहे.

"बघ," दामोदरपंत नाक पुसत बायकोला म्हणाले, "याला म्हणतात प्रचीती. मी सीताफळ सोडलं, फणस सोडला, मला काय मिळालं? कारण ते काय, वर्षात एकदा खायचे. या माणसानं रोजचा घास दिला, तर विश्वनाथानं रोजचं दुखणं घेतलं."

"कृपा आहे," अंबुबाई घाईघाईनं म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर रंग परतला. पुरुषोत्तम भाकरीकडं बघत राहिला. डॉक्टर बसवंतांचं नाव घ्यायचं त्याच्या ओठांवर आलं होतं, पण विश्वनाथासमोर बसवंतांचं काय चालणार?

सुचेताबाईंचं मन भरून आलं होतं. असे व्याही मिळायला नशीब लागतं, असं त्यांच्या तोंडावर सरळ लिहिलं होतं. त्या नीलाकडं वळल्या. "आणि विहीणबाई, जोडीनंच गेला असाल ना? तुम्ही काय सोडलंत?"

हे कुणालाच सुचलं नव्हतं. अंबुबाईंनी घाटाची तयारी केली होती, नावेची नव्हती, आणि नीलाची तर मुळीच नव्हती. जोडीच्या यात्रेत दुसरं माणूस असतं, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्यांनी तोंड उघडलं. "नीलानं ना... तिनं..."

नीलानं बघितलं, अक्का पदार्थ शोधतायत. आता पडवळ म्हणतील किंवा दोडका, आणि ते आपल्याला जन्मभर पाळावं लागेल. नेहमी असंच होत आलं होतं. आपण काय खायचं, काय करायचं, आपल्याला काय आवडतं, ते अक्का सांगणार आणि आपण हं म्हणणार. मग तिच्या लक्षात आलं की आत्ता, या पंगतीत, आपण जे म्हणू ते खोटं आहे असं अक्कांना म्हणताच येणार नाही.

"मी पोळ्या लाटणं सोडलं," ती म्हणाली.

शंतनूला ठसका लागला. मुग्धेनं त्याच्यापुढं पाणी ठेवलं, पण स्वतः मात्र ती भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते.

"लाटणं?" दामोदरपंतांनी भुवया वर केल्या. जाणकार माणूस, रीतीबाहेरचं त्यांना खपेना. "पण सोडायचा तो पदार्थ असतो. काम सोडल्याचं मी कधी ऐकलं नाही."

"मलाही ठाऊक नव्हतं. गुरुजी म्हणाले, ज्याच्यात जीव गुंतलाय ते सोडायचं." नीलाचा आवाज तिलाच अनोळखी वाटत होता. "अक्का तर सगळ्यांना सांगतात, नीलाला पोळ्या लाटायची फार आवड. विचारा त्यांना."

सगळ्यांनी अंबुबाईंकडं पाहिलं. अंबुबाईंनी नीलाकडं पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांनी भावजयीकडं असं नीट, डोळ्यात डोळे घालून कधी पाहिलं असेल असं वाटत नाही.

"आहे आवड," त्या शेवटी म्हणाल्या. "म्हणजे होती."

"किती मोठं मन," सुचेताबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. मग त्यांनी आपल्या पानातल्या पोळीकडं पाहिलं. बायकांची नजर, ती कुठं चुकायची? "पण मग या पोळ्या? इतकी पातळ, काठापर्यंत पुरण गेलंय, कुठं फुटलेली नाही. या कुणी केल्या?"

आता आली का पंचाईत. नीलाला पुढचं सुचलेलंच नव्हतं. एवढं बोलली त्यातच तिची सगळी हिंमत खर्ची पडली होती. तिनं शंतनूकडं पाहिलं, तो पाणी पीत होता. बाईनं केल्या म्हणावं तर या घरात स्वयंपाकाला बाई नाही, हे मुग्धेनं आईला कधीच सांगितलेलं. नीलाच्या मनगटावरचा पट्टा पदराबाहेर आला होता, तो तिनं आत ओढून घेतला.

"अक्कानं केल्या," पुरुषोत्तम म्हणाला.

तो भाकरीचा तुकडा पुरणात बुडवत होता, वर बघत नव्हता. पण आवाज स्वच्छ होता. लग्न झाल्यापासून अक्का आणि नीला यांच्यात काही झालं की हा माणूस उठून दुकानात जायचा. रविवार असला तरी जायचा. आज तो धोतर नेसून पाटावर बसला होता आणि उठला नाही. नीलाला त्या क्षणी त्याच्याबद्दल इतकं प्रेम वाटलं की तिनं त्याच्या वाटीत आणखी पुरण वाढलं आणि त्यावर तुपाची धार धरली.

"आमची अक्का म्हणजे पोळ्यांच्या बाबतीत फार कडक," पुरुषोत्तम पुढं म्हणाला. एकदा सुरुवात केल्यावर त्यालाही चव लागली असावी. "नीलाला तिनंच शिकवलं. आता नीलाचं सोडलेलं म्हटल्यावर रोजच्या पण तीच करते."

"रोजच्या पण," दामोदरपंत कौतुकानं म्हणाले. "या वयात."

"होतं हो हळूहळू," अंबुबाई म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार?

पुढचं सगळं झरझर झालं. सुपारी फुटली, साखर वाटली, तारखा बघायचं ठरलं. मानपानाचा विषय निघायच्या आतच दामोदरपंत म्हणाले की असल्या घरात आम्हाला काही विचारायचंच नाही. निघताना त्यांनी भाकरीचा एक तुकडा मागून खाल्ला आणि पुण्याला गेल्यावर आपणही गहू सोडून बघणार, काशी पुढच्या वर्षी करू, असं पुरुषोत्तमाच्या कानात सांगितलं. पुरुषोत्तम त्यांना डॉक्टर बसवंतांचा फोन नंबर देणार होता, तो कसाबसा थांबला.

सुचेताबाई मात्र उंबऱ्यात अंबुबाईंचे दोन्ही हात धरून उभ्या राहिल्या. "एक मागणं आहे. आमच्या मुलीला कॉम्प्युटरखेरीज काही येत नाही हो. पोळी म्हणाल तर भारताचा नकाशा. आम्ही पुढच्या सोमवारी परत जाणार, तर येत्या रविवारी सकाळी मी तिला घेऊन येते. तुमच्याजवळ उभी राहून ती शिकेल, आणि मीही बघेन. हा हात आणखी कुठं बघायला मिळणार?"

"हो, हो," अंबुबाई म्हणाल्या. "या की."

रिक्षा वळली. शंतनू त्यांना सोडायला गेला होता, पुरुषोत्तम धोतर सोडून पुन्हा माणसात येत होता. नीला स्वयंपाकघरात भांडी आवरत होती आणि वाट बघत होती. आता अक्का येणार आणि कडाडणार. येऊ देत. तिला भीती वाटत होती आणि वाटत नव्हतीही. एकदा तोंडातून गेलेलं आता कुणी परत आत ढकलू शकणार नव्हतं.

अंबुबाई आल्या. त्यांनी दार लावून घेतलं. ओट्याला टेकून उभ्या राहिल्या.

"नीला," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मला पोळी येत नाही."

नीलानं हातातली परात खाली ठेवली.

"कधीच आली नाही. आई लाटायची, मग माझं लग्न झालं, तिकडं आचारी होता. धड संसार झाला कुठं? परत आले तर आई म्हणाली, तू नको, तुझ्या लाटल्या तर वातड होतात. मग तू आलीस." त्यांनी नाकाशी पदर नेला. "मला बघून बघून सगळं कळतं. कणीक कशी हवी, काठ कसे हवेत. पण हातात लाटणं घेतलं की ती एका बाजूला पळते."

नीलाला राग यायला हवा होता. ते कणकेत खुपसलेलं बोट, ती बोलणी, मळणं कच्चं आहे म्हणून भाजीवालीपर्यंत झालेली बदनामी, सगळं तिला एका दमात आठवलं. आणि जिच्या धाकानं आपण रडत शिकलो, त्या बाईला पोळी येतच नाही. पण राग यायच्या ऐवजी तिला हसू आलं. ते तिनं दाबलं, पुन्हा आलं, आणि मग ती ओट्याला धरून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. अंबुबाई गोऱ्यामोऱ्या होऊन बघत राहिल्या.

"हसून झालं असेल तर सांग," त्या म्हणाल्या. "ती बाई रविवारी येणार आहे. माझ्या शेजारी उभी राहणार आहे."

"मी काय करू अक्का? मी तर सोडलंय."

"लाटणं सोडलंयस. बोलणं नाही ना सोडलं? तू तोंडानं सांग, मी लाटते." अंबुबाईंनी पदर खोचला, पोळपाट फडताळातून काढून ओट्यावर ठेवला, आणि तो सुलटा आहे की उलटा ते दोनदा बघितलं. "आजपासूनच सुरू करू. घरात बघायला परकं कुणी नाही."

नीलानं हात धुतले. मनगटावरचा पट्टा नीट बांधून घेतला. मग जेवणघरातला स्टूल तिनं आत ओढून आणला आणि या स्वयंपाकघरात ऐन स्वयंपाकाच्या वेळी ती पहिल्यांदाच खाली बसली.

"आधी पीठ चाळून घ्या," ती म्हणाली.